वेगळे होताना राहत्या घराची वाटणी : महाराष्ट्रातल्या जोडप्यांसाठी पायरी-पायरीने

घटस्फोटाच्या बोलण्यांत पोटगी आणि मुलांचा ताबा यांवर महिनेच्या महिने जातात. घराचा विषय मात्र शेवटच्या बैठकीत ‘फ्लॅट अर्धा-अर्धा’ एवढ्यावर उरकतात. अर्धा कशाचा, हे कोणी विचारत नाही. बाजारभावाचा, की कर्ज फेडून उरेल त्याचा? कोणत्या तारखेच्या भावाने? वेगळे राहायला लागल्यापासून हप्ते एकानेच भरले असतील तर? आणि कर्जावरचे दुसऱ्याचे नाव कधी निघणार? ही उत्तरे कागदावर आली नाहीत, तर घटस्फोट होऊनही दोघे त्याच घराच्या कर्जात वर्षानुवर्षे अडकून पडतात.

इथे धरलेले उदाहरण नेहमीचे आहे : सोसायटीतला फ्लॅट, दोघांची नावे, गृहकर्ज चालू, आणि संमतीने घटस्फोट. भांडण कोर्टात लढायचे असले तरी आकडेमोड हीच राहते.

मालकी कोणाची, हे आधी ठरवा

लग्नानंतर घेतलेल्या घरात बायकोचा आपोआप अर्धा वाटा, असा कायदा महाराष्ट्रात नाही. पतीच्या मालमत्तेत पत्नीला वाटा देण्याची तरतूद असलेले विवाह कायदा दुरुस्ती विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झाले होते, पण पुढे ते बारगळले. त्यामुळे आजही पहिला प्रश्न असतो तो खरेदीखतावर नाव कोणाचे, आणि दुसरा, पैसे कोणाचे.

दोघांची नावे असतील आणि खरेदीखतात वाटा लिहिलेला नसेल, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ४५ कामी येते. ज्याने जितके पैसे घातले तितका त्याचा वाटा. कोणी किती घातले हे दाखवता आले नाही, तर दोघांचा समान धरतात. म्हणजे बँकेची जुनी विवरणपत्रे हा इथला सर्वांत मोलाचा पुरावा. बँका फार जुने तपशील सहज देत नाहीत, म्हणून ती मागवण्याचे काम सर्वांत आधी करा.

नाव एकाचेच असेल तर दुसऱ्याला आपले पैसे सिद्ध करावे लागतात. बायकोचे दागिने मोडून डाउन पेमेंट केले असेल, तर सराफाची पावती आणि त्याच सुमारास बिल्डरला गेलेली रक्कम यांची सांगड घाला. ते स्त्रीधन आहे, त्यावर हक्क तिचाच. जिने नोकरी केली नाही, पण घर आणि मुले सांभाळली, तिच्या कष्टाला या मालकीच्या हिशेबात रकाना नाही. हा कायद्यातला मोठा अन्याय आहे. तो भरून काढायची जागा म्हणजे कायमची पोटगी : हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली कोर्ट पोटगीच्या रकमेसाठी नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेवर बोजाही चढवू शकते. अशा वेळी घर आणि पोटगी यांची बोलणी एकत्रच करा.

घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असेल तर ते वाटणीत येत नाही. पण कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली तिथे राहण्याचा हक्क मागता येतो. सामायिक घर सासरच्यांच्या मालकीचे असले तरी हा हक्क मिळू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सतीशचंदर आहुजा प्रकरणात स्पष्ट केले. राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे, हे मात्र लक्षात ठेवा.

गोव्यात चित्र वेगळे आहे. तिथे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर मालमत्ता सामायिक धरतात आणि अर्धा-अर्धा वाटा हाच नियम असतो, कागदावर नाव कोणाचेही असो. गोव्यात लग्न नोंदवलेल्या जोडप्यांनी पुढचे आकडे वापरावेत, पण वकील तिथलाच गाठावा.

कागद गोळा करा

नोंदणीकृत करारनामा किंवा खरेदीखत आणि त्याची सूची क्रमांक २ (आपण इंडेक्स टू म्हणतो ती), सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, मालमत्ता कराची पावती, सोसायटीचे थकबाकी नसल्याचे पत्र. बँकेकडून तीन गोष्टी : कर्ज सुरू झाल्यापासूनचे संपूर्ण खाते विवरण, आजची बाकी दाखवणारे पत्र, आणि बँकेच्या ताब्यात असलेल्या मूळ कागदांची यादी. ही यादी बहुतेकजण विसरतात, आणि कर्ज फिटल्यावर कागद कोणाच्या हाती द्यायचे यावर तंटा होतो. म्हाडा किंवा सिडकोचे घर असेल तर त्यांच्या हस्तांतरणाच्या अटी वेगळ्या असतात. त्यांचे वाटपपत्रही काढून ठेवा.

भाव ठरवणे

भावाचे तीन आकडे समोर येतील. रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला दर मुद्रांक शुल्कासाठी असतो, तो वाटणीचा भाव नव्हे. एजंटाने सांगितलेला भाव ही अपेक्षा असते. खरा आधार म्हणजे तुमच्याच इमारतीत किंवा शेजारच्या सोसायटीत गेल्या वर्षभरात नोंदलेले व्यवहार.

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्च सुविधेत गाव, वर्ष आणि मिळकत क्रमांक टाकून इंडेक्स टू पाहता येते. तिच्यात ‘मोबदला’ आणि ‘बाजारभाव’ असे दोन वेगळे रकाने असतात. मोबदला म्हणजे प्रत्यक्ष ठरलेली किंमत, बाजारभाव म्हणजे सरकारी दराने काढलेली. तुम्हाला मोबदला हवा. क्षेत्रफळाच्या रकान्यात कार्पेट (भिंतींच्या आतले) आहे की बिल्ट-अप (भिंती धरून) ते नीट वाचा. एकीकडे कार्पेट आणि दुसरीकडे बिल्ट-अप धरल्याने भावात १५-२० टक्क्यांची चूक सहज होते. पार्किंग धरले आहे का तेही पाहा. असे तीन-चार व्यवहार काढून दर चौरस फुटाचा भाव काढा, मग मजला आणि डागडुजीनुसार थोडा फरक करा.

तरीही जमेना, तर दोघांनी मिळून एकच सरकारमान्य मूल्यांकनकार नेमा, फी निम्मी-निम्मी. दोघांनी आपापला माणूस आणला की दोन अहवालांत मोठी तफावत पडते आणि वाद तिथेच उभा राहतो. भावाची तारीख अहवालात लिहून घ्या. प्रकरण वर्षभर लांबले, तर भाव पुन्हा काढायचा की तोच धरायचा, हेही आताच ठरवा.

उरलेली रक्कम आणि तिची वाटणी

समजा, पुण्यातला फ्लॅट २०१५ मध्ये मुद्रांक-नोंदणी धरून ६० लाखांना घेतला. १५ लाख स्वतःचे : ६ तिचे, ९ त्याचे. कर्ज ४५ लाख. आज भाव ९० लाख, कर्ज बाकी ३२ लाख. वाटायचे आहेत ते ९० नव्हेत, ५८ लाख.

सरळ अर्धे-अर्धे केले तर प्रत्येकी २९ लाख.

पैशांच्या प्रमाणात करायचे, तर मुद्दल किती फिटले ते बघा : ४५ वजा ३२, म्हणजे १३ लाख. हप्ते त्याच्या खात्यातून ७० टक्के आणि तिच्या खात्यातून ३० टक्के गेले असतील, तर तिचे ६ अधिक ३.९, म्हणजे ९.९ लाख, त्याचे ९ अधिक ९.१, म्हणजे १८.१ लाख. एकूण २८ लाखांत तिचा वाटा ३५.४ टक्के. ५८ लाखांपैकी तिला सुमारे २०.५, त्याला ३७.५ लाख.

तिसरी रीत मधली : आधी ज्याचे डाउन पेमेंट त्याला परत, उरलेले समान. ५८ मधून १५ गेले, ४३ उरले, प्रत्येकी २१.५. तिला २७.५, त्याला ३०.५ लाख.

तेच घर, तोच भाव, आणि तिच्या वाट्यात साडेआठ लाखांचा फरक. आमच्या मते दोघांचाही संसाराला हातभार असेल, तर तिसरी रीत सर्वांत न्याय्य ठरते. हप्ता त्याच्या खात्यातून जात असताना शाळेची फी, किराणा, आई-वडिलांचे औषधपाणी तिच्या पगारातून चालले असेल, तर ‘हप्ते मीच भरले’ हे अर्धसत्य आहे. तिच्या खर्चामुळेच त्याचा पगार हप्त्यासाठी मोकळा राहिला. दुसऱ्या रीतीचा आग्रह कोणी धरला, तर घरखर्चाची विवरणपत्रेही त्याच टेबलावर ठेवा.

भरलेले व्याज या हिशेबात धरू नका. दोघे त्या घरात राहत होते, ते व्याज म्हणजे राहण्याचा खर्च. एखाद्याच्या वडिलांनी दिलेले पैसे मात्र वेगळे बघावे लागतात : ते उसने होते की भेट? उसने असल्याचा त्या काळातला कागद किंवा परतफेडीची नोंद नसेल, तर ते त्या मुलाचे वा मुलीचे योगदान धरा.

वेगळे राहिल्यापासूनचे हप्ते

यावर सर्वांत जास्त खटके उडतात. एकजण घराबाहेर पडला आणि तरी पूर्ण हप्ता तोच भरत राहिला, असे धरा. हप्ता ४२,००० रुपये, व्याज साडेआठ टक्के, दीड वर्ष. एकूण गेले ७ लाख ५६ हजार. पण कर्ज कमी झाले सुमारे सव्वातीन लाखांनीच, बाकीचे व्याज. वाटणी समान ठरली असेल, तर भरणाऱ्याला मुद्दलाचे निम्मे, म्हणजे साधारण १ लाख ६३ हजार, जादा द्यायला हवेत.

व्याजाचे काय? बाहेर पडलेला स्वतःचे भाडे भरतोय आणि ज्या घरात राहत नाही त्याचे व्याजही भरतोय. घरात राहणाऱ्याने निदान निम्मे व्याज उचलावे हे रास्त. पण तिथे मुलेही राहत असतील आणि वेगळा खर्च मिळत नसेल, तर ते व्याज मुलांच्या निवाऱ्याचा खर्च समजून सोडून द्यावे. तोडगा काहीही काढा, पण वेगळे राहू लागल्याची तारीख दोघांनी लेखी मान्य करा. ती नसेल तर हा हिशेब सुरूच होत नाही.

विकायचे, की एकाने ठेवायचे?

ठेवायचे असेल तर एकच कसोटी : ठेवणाऱ्याला एकट्याच्या उत्पन्नावर कर्ज मिळते का? वरच्या उदाहरणात तिला घर ठेवून त्याचे ३०.५ लाख द्यायचे, तर जुने ३२ आणि हे ३०.५ मिळून साडेबासष्ट लाखांची सोय हवी. बोलणी पुढे नेण्याआधी बँकेतून पात्रतेचे पत्र आणा. भावनेपोटी घर ठेवले आणि सहा महिन्यांत हप्ते थकले, तर दोघांचाही सिबिल स्कोअर (कर्जफेडीची पत दाखवणारा आकडा) पडतो.

विकायचे असेल तर दलाली, सोसायटीची थकबाकी आणि भांडवली नफ्यावरचा कर वजा करून मग वाटा. घर २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेले असेल, तर भारतात रहिवासी असलेल्या व्यक्तीला दोन्ही रीतींनी कर काढून कमी असेल तो भरता येतो. वरच्या फ्लॅटचा नफा ३० लाख. साडेबारा टक्क्यांनी कर ३ लाख ७५ हजार. महागाई निर्देशांक लावून (२०१५-१६ चा २५४, २०२५-२६ चा ३७६) खरेदी किंमत ८८.८ लाख होते, नफा उरतो जेमतेम सव्वा लाखाच्या आत, आणि २० टक्क्यांनी कर चोवीस हजारांच्या आसपास. दोन्हींवर उपकर वेगळा. दुसरे घर घेऊन मिळणारी सूट प्रत्येकाने आपापल्या वाट्यापुरती स्वतंत्र घ्यायची असते.

एकजण अनिवासी असेल (पुण्या-मुंबईची कितीतरी जोडपी अशीच दोन देशांत वाटली गेली आहेत), तर त्याला निर्देशांकाची निवड मिळत नाही. शिवाय त्याच्या वाट्यावर खरेदीदाराला नेहमीचा १ टक्का नव्हे, तर बराच जास्त टीडीएस कापावा लागतो. कमी दराने कापण्याचे प्रमाणपत्र आयकर खात्याकडून सौद्याआधीच घ्या, नाहीतर मोठी रक्कम परताव्यात अडकून राहते.

दस्त कोणता करायचा?

इथली चूक सर्वांत महाग पडते. ‘हक्कसोड पत्र करून टाका, दोनशे रुपयांत होते’ असे सर्रास सांगितले जाते. महाराष्ट्रात जवळच्या नात्यात नाममात्र शुल्काचे हक्कसोड पत्र होते ते वडिलोपार्जित मालमत्तेचे. दोघांनी विकत घेतलेल्या फ्लॅटमधला वाटा सोडला, तर त्या वाट्याच्या बाजारमूल्यावर खरेदीखतासारखे शुल्क लागते. पुण्यात ७ टक्के धरले, तर ९० लाखांच्या फ्लॅटमधल्या निम्म्या, म्हणजे ४५ लाखांच्या वाट्यावर ३ लाख १५ हजार, आणि वर नोंदणी फी कमाल ३०,००० रुपये.

बक्षीसपत्राची गोष्ट वेगळी. राहते घर नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला बक्षीस दिले, तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. महापालिका हद्दीतले अधिभार वेगळे लागू शकतात. पण दोन अटी नीट समजून घ्या. पहिली, दस्ताच्या दिवशी तुम्ही नवरा-बायको असले पाहिजे. घटस्फोटाचा हुकूमनामा (कोर्टाची डिक्री) झाला की नाते संपले, आणि ही सवलतही गेली. आयकरातही तसेच : जोडीदाराकडून मिळालेली भेट करमुक्त असते, पूर्वीच्या जोडीदाराकडून मिळालेली नसते. दुसरी, बक्षीस म्हणजे मोबदला नाही. वाट्याचे ३० लाख घेऊन ‘प्रेमापोटी बक्षीस’ असे लिहिणे म्हणजे खोटा दस्त. संमतीच्या अटींत (दोघांनी ठरवून कोर्टात दिलेल्या लेखी अटी) ती रक्कम लिहिलेली असते, दस्तात नाही, आणि दोन कागद शेजारी ठेवले की ते उघडे पडते. पैसे देऊन वाटा घेत असाल, तर शुल्क भरून सरळ दस्त करा आणि तो खर्च वाटणीच्या आकड्यात आधीच धरा. उरलेले कर्ज घेणारा फेडणार, पोटगी नको म्हणून वाटा दिला, असे मधले प्रकार असतील, तर मसुदा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी टाका. किती शुल्क लागेल ते तेच ठरवून देतात आणि पुढची धास्ती राहत नाही.

‘कोर्टाचा हुकूमनामा आहे, मग नोंदणी कशाला?’ हाही नेहमीचा प्रश्न. महाराष्ट्रात संमतीच्या हुकूमनाम्यानेच मालकी बदलत असेल, तर तोही शुल्कपात्र ठरू शकतो. रुबी सेल्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये ते मान्य केले आहे. त्यामुळे अटींमध्ये ‘अमुक तारखेपर्यंत दस्त करून देईन’ असे लिहून दस्त वेगळा नोंदवणे जास्त सुटसुटीत पडते. नंतर बँक आणि खरेदीदार दोघेही नोंदणीकृत दस्तच मागतात.

बँकेला तुमचा घटस्फोट लागू नाही

हुकूमनाम्यात ‘यापुढील हप्ते पत्नी भरेल’ असे लिहिले, तरी सहकर्जदार म्हणून नवऱ्याकडून वसुली करायचा बँकेचा हक्क तसाच राहतो, कारण बँक त्या प्रकरणात पक्षकार नव्हती. मालकीतून नाव काढले आणि कर्जात तसेच ठेवले, तर घर दुसऱ्याचे आणि देणे आपले, अशी गत होते. शिवाय जुने कर्ज डोक्यावर दिसत असल्याने स्वतःच्या नव्या घरासाठी कर्ज मिळत नाही.

मार्ग दोन. त्याच बँकेत सहकर्जदार वगळण्याचा अर्ज करायचा. बँक उरलेल्या व्यक्तीची पात्रता नव्याने तपासते, कधी भाऊ किंवा वडील यांना जोडायला सांगते. किंवा दुसऱ्या बँकेतून एकट्याच्या नावावर नवे कर्ज काढून जुने बंद करायचे. बदलत्या व्याजदराचे कर्ज असेल, तर मुदतपूर्व फेडीला दंड नाही. दुसरा मार्ग बहुधा स्वच्छ, कारण जुने खातेच बंद होते. गहाण घराचा दस्त करण्याआधी बँकेचे ना हरकत पत्र घ्यायला विसरू नका.

पैसे, सही आणि हुकूमनामा यांचा क्रम

संमतीने घटस्फोटासाठी अर्जाआधी वर्षभर वेगळे राहणे लागते. अर्जानंतर सहा महिन्यांचा थांबा असतो. तो योग्य प्रकरणात माफ करता येतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकते, आणि सगळा धोका यातच आहे. पूर्ण रक्कम आधी दिली आणि दुसरा फिरला, तर पैसे वसूल करायला वेगळा दावा. आधी दस्त करून दिला आणि रक्कम आली नाही, तर घरही गेले.

म्हणून टप्पे पाडा. अर्जाच्या वेळी थोडी रक्कम. दस्ताच्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नव्या बँकेचा धनाकर्ष (डिमांड ड्राफ्ट), जुन्या बँकेचे खाते बंद, ताबा आणि सही हे सगळे एकत्र. शेवटचा हिस्सा कोर्टात धनाकर्षाने जमा, जो हुकूमनामा झाल्यावर उचलायचा. बक्षीसपत्र असेल तर ते शेवटच्या तारखेच्या अगदी आदल्या दिवसांत नोंदवा.

अटींचा मसुदा वाचताना पुढच्या गोष्टी आहेत ना ते बघा : फ्लॅटचे पूर्ण वर्णन आणि जुन्या दस्ताचा क्रमांक, मान्य केलेला भाव आणि त्याची तारीख, कर्जाची बाकी, कोण, किती, कोणत्या तारखेला देणार, उशीर झाल्यास व्याज. आणि सर्वांत महत्त्वाचे कलम म्हणजे न जमल्यास काय : ‘९० दिवसांत बँकेची मंजुरी आली नाही, तर फ्लॅट विक्रीला काढायचा, किमान भाव इतका, येणाऱ्या रकमेची वाटणी अशी.’ हे एक कलम नसल्याने कितीतरी घरे कुलूप लावून पडून आहेत. बोलणी अडली तर कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक असतात. घराचा आकडा त्यांच्यासमोर मांडायला संकोच करू नका.

हुकूमनाम्यानंतर

सोसायटीत नाव बदलायचा अर्ज, दस्ताची प्रत आणि मूळ शेअर सर्टिफिकेट द्या. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांच्या कारभाराचे नमुना नियम) हस्तांतरण शुल्क ५०० आणि प्रवेश शुल्क १०० रुपये. कुटुंबातल्या हस्तांतरणाला प्रीमियम लागत नाही, एरवीही महापालिका हद्दीत तो २५,००० च्या वर घेता येत नाही. मालमत्ता कर आणि वीजबिल यांवरचे नाव बदला. चार-सहा महिन्यांनी सिबिल अहवाल काढून जुने कर्ज बंद दाखवले आहे का ते तपासा.

नामनिर्देशन लगेच बदला आणि इच्छापत्रही करा. खरे तर हे वेगळे राहायला लागल्या दिवशीच करायचे काम आहे, कारण हुकूमनामा होईपर्यंत कायद्याने तुम्ही एकमेकांचे वारस असता. प्रकरण चालू असताना एकाचा मृत्यू झाला आणि इच्छापत्र नसेल, तर त्याच्या वाट्यात दुसऱ्याचाही हिस्सा येतो आणि वरचा सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागतो, या वेळी सासरच्या माणसांसोबत.